शेअर माउंट होतो, फायली दिसतात, पण सेव्ह होत नाही

"दादा, फोल्डर उघडतंय, फायली दिसतायत, पण सेव्ह म्हटलं की नाही म्हणतंय."

दिवाळी अंकाची गडबड सुरू झाली की हा फोन हमखास येतो. करणाऱ्या ताई पुण्यातल्या पेठेतल्या एका लहान छापखान्यात डीटीपी करतात. तिथली तीन यंत्रं लिनक्स मिंटवर चालतात आणि माळ्यावर ठेवलेल्या जुन्या डेबियन (हेही लिनक्सच) यंत्रावर साम्बाचा एक शेअर आहे. साम्बा म्हणजे फोल्डर नेटवर्कवर वाटून देणारा प्रोग्राम, आणि शेअर म्हणजे ते वाटलेलं फोल्डर. अंकाचे सगळे फर्मे, चित्रं, जाहिराती त्यातच. हे सगळं मीच बसवून दिलेलं, त्यामुळे दुखणं उलटलं की बोलणीही मलाच.

पहिल्या दोन वेळा मी बहुतेक जण करतात तेच केलं. सर्व्हरवरच्या फोल्डरला आतल्या सगळ्यासकट ७७७ परवानग्या, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, दिल्या, फाइल मॅनेजरमधून एक फाइल सेव्ह करून दाखवली, चहा घेतला आणि घरी आलो. दोन्ही वेळा दुखणं परत आलं. तिसऱ्या वेळी नीट बसलो तेव्हा कळलं की पहिल्या खेपेला सर्व्हरने नकार दिलाच नव्हता. नकार देत होतं ताईंच्या पुढ्यातलंच यंत्र. दुसऱ्या खेपेला मात्र खरोखर सर्व्हर देत होता. पडद्यावरचा संदेश दोन्ही वेळा अक्षरशः तोच: परमिशन डिनाइड.

म्हणून हल्ली मी कुठल्याही परवानगीला हात लावण्याआधी एकच गोष्ट शोधतो: नकार कोण देतंय?

(खाली कमांड आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाकायचे; जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.)

नकार कोणाचा, हे दोन मिनिटांत कसं ओळखायचं

एसएमबीक्लायंट नावाचं एक साधं साधन आहे. ते माउंटच्या, म्हणजे शेअर आपल्या यंत्रावरच्या एखाद्या फोल्डराला जोडण्याच्या, भानगडीत पडतच नाही. थेट सर्व्हरशी बोलतं. ज्या यंत्रावर अडलंय त्याच यंत्रावरून, तेच नाव आणि तोच पासवर्ड वापरून एक फाइल पाठवून बघा:

एसएमबीक्लायंट //१९२.१६८.१.२०/अंक -यू डीटीपी -सी 'पुट चाचणी.टीएक्सटी'

इथला यू मोठा, सी छोटा. फाइल गेली, तर सर्व्हरची काही हरकत नाही आणि दोष तुमच्या माउंटच्या पर्यायांत आहे. 'लॉगॉन फेल्युअर' आलं, तर नाव किंवा पासवर्ड चुकतोय. 'बॅड नेटवर्क नेम' आलं, तर शेअरचं नाव चुकलंय. आणि लॉगिन होऊन नेमक्या 'पुट'वर 'ॲक्सेस डिनाइड' आलं, तर सर्व्हर ओळखतो तुम्हाला, पण लिहू देत नाही.

ताईंना तोंडी सांगताना मी याहून सोपी खूण सांगतो. फाइल मॅनेजरच्या पट्टीत एसएमबी:// (एसएमबी ही साम्बा आणि विंडोजचे शेअर बोलतात ती भाषा) लावून तोच शेअर उघडायचा आणि तिथे एक रिकामी फाइल करून बघायची. फाइल मॅनेजर जीव्हीएफएस नावाच्या आपल्या वेगळ्या जोडणीमार्फत, तुमच्या नावाने, वेगळ्या वाटेने जातो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, माउंटशी त्याचा संबंध नाही. तिथे जमतंय आणि शेअर जिथे माउंट केलाय त्या /एमएनटी/अंक मध्ये जमत नाही, म्हणजे सर्व्हर निर्दोष. माझी पहिल्या वेळची फसगत नेमकी इथे झाली होती. चाचणी या वाटेने घेतली आणि ७७७ला गुण आला असं समजून निघालो.

आपलंच यंत्र नाही म्हणतं तेव्हा

सीआयएफएस माउंट (एसएमबीचा शेअर लिनक्सवर जोडण्याचा प्रकार) कसं चालतं हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. माउंट करताना तुम्ही जे नाव आणि पासवर्ड देता, त्याच एका नावाने पुढचा सगळा व्यवहार सर्व्हरशी होतो. यंत्रावर ताई बसू देत, संध्याकाळच्या पाळीचा मुलगा बसू देत, सर्व्हरच्या वहीत दोघांचीही नोंद 'डीटीपी' अशीच पडते. आता लिनक्सला प्रत्येक फाइलचा मालक, गट आणि परवानग्या दाखवायच्याच असतात, आणि सर्व्हरकडून ही माहिती लिनक्सच्या भाषेत येत नाही. मग कर्नल ती स्वतःच रंगवतो. तुम्ही काही सांगितलं नाही तर मालक रूट, म्हणजे यंत्राचा मुख्य प्रशासक, आणि परवानग्या ०७५५. म्हणजे रूटला सगळं, बाकीच्यांना फक्त वाचायला.

त्यामुळे ताई सेव्ह करायला गेल्या की यंत्र आपणच रंगवलेलं चित्र बघून म्हणतं, ही फाइल रूटची, तुम्हाला लिहिता येणार नाही. विनंती वायरवर जातच नाही. सर्व्हरवर ७७७ द्या नाहीतर सर्व्हर गंगेत बुडवा, फरक शून्य.

इलाज चार पर्यायांत आहे:

सुडो माउंट -टी सीआयएफएस //१९२.१६८.१.२०/अंक /एमएनटी/अंक -ओ क्रेडेन्शिअल्स=/ईटीसी/अंक.क्रेड,यूआयडी=१०००,जीआयडी=डीटीपी,फाइल_मोड=०६६०,डीआयआर_मोड=०७७०

यूआयडी म्हणजे मालक म्हणून कोणाला दाखवायचं. क्रमांक किंवा नाव, दोन्ही चालतं. एका यंत्रावर एकच माणूस बसत असेल तर तेवढंही पुरे. छापखान्यात पाळ्या आहेत, म्हणून डीटीपी नावाचा गट केला, दोघांना त्यात घातलं आणि जीआयडीत तो दिला. नव्या गटात घातलेल्या माणसाला लॉगआउट करून परत यावं लागतं, नाहीतर 'आयडी' कमांडमध्ये तो गट दिसत नाही. यावर माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

डीआयआर_मोडमध्ये फोल्डरला चालण्याची, म्हणजे एक्सची, परवानगी ठेवायला विसरू नका. ०६६० दिलंत तर फोल्डरच्या आत शिरताच येणार नाही. आणि सुरुवातीचं शून्य फार महत्त्वाचं. ते नसेल तर माउंट 'नॉट एक्सप्रेस्ड इन ऑक्टल' असा इशारा देतं, आकडा अष्टमान धरला जात नाही आणि भलत्याच परवानग्या उमटतात. इशारा एकदाच चमकून जातो, कुणी वाचत नाही.

माउंट झाल्यावर चमोड (परवानग्या बदलणं), चाऊन (मालक बदलणं) करून बघणारे बरेच असतात. सीआयएफएसवर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. मालक बदलत नाही, परवानग्या रंगवलेल्याच राहतात; फार तर लिहिण्याची परवानगी काढली तर विंडोज-छापाचा 'रीड-ओन्ली' शिक्का बसतो. पर्याय बदलायचे तर आधी अनमाउंट, मग नव्याने माउंट. रीमाउंटवर विसंबू नका. अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' आलं तर 'फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/अंक' कोणता प्रोग्राम अडून बसलाय ते सांगतो. बहुतेक वेळा ते आपलंच टर्मिनल असतं, त्याच फोल्डरात उभं.

नोपर्म नावाचाही एक पर्याय आहे. तो दिला की यंत्र स्वतःची तपासणी सोडून देतं आणि सगळा निर्णय सर्व्हरवर टाकतं. एकट्याच्या घरगुती यंत्रावर ठीक. जिथे एकाच यंत्रावर चार जण लॉगिन करतात तिथे मला तो आवडत नाही, कारण मग त्या यंत्रावरचा कोणीही तुमच्या नावाने शेअरवर लिहू शकतो.

पासवर्डाची फाइल

पासवर्ड एफएसटॅबमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना काय काय माउंट करायचं त्याच्या यादीत, लिहू नका. ती फाइल यंत्रावरच्या कोणालाही वाचता येते. वेगळी फाइल करा, मालक रूट, परवानग्या ६००, आत तीन ओळी:

यूजरनेम=डीटीपी
पासवर्ड=तुमचा पासवर्ड
डोमेन=वर्कग्रुप

छापखान्याच्या काकांनी एकदा स्वतः पासवर्ड ठरवला. मुद्रितशोधन करणारा माणूस, पासवर्डातही स्वल्पविराम घातला. पर्यायांच्या यादीत स्वल्पविराम म्हणजे पुढचा पर्याय सुरू, त्यामुळे कमांडवर दिलेला पासवर्ड मध्येच तुटला आणि त्रुटी १३, म्हणजे परमिशन डिनाइड, येत राहिली. वेगळ्या फाइलमध्ये तोच पासवर्ड बिनतक्रार चालला. दुसरी खोड: ही फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये करून आणली असेल तर ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह येतं आणि ते पासवर्डाचा भाग धरलं जाऊ शकतं. 'कॅट' कमांडला मोठा ए देऊन फाइल पाहा; ओळीच्या शेवटी टोपीवाला एम दिसला तर समजा. सगळं बरोबर टाइप करूनही १३ येत असेल तर मी हे आधी तपासतो.

सर्व्हर नाही म्हणतो तेव्हा

दुसऱ्या वेळचं दुखणं अधिक मजेशीर होतं. ताईंनी केलेली फाइल संध्याकाळच्या मुलाला उघडता येई, पण बदलता येत नसे. त्याच्या यंत्रावर 'एलएस -एल' केलं तर फाइलवर वाचणं-लिहिणं दोन्ही दिसे. दिसणारच, ते चित्र आम्हीच ०६६० देऊन रंगवलेलं होतं. सर्व्हरवर बघितलं तेव्हा खरी परवानगी ०७४४ निघाली.

साम्बात 'क्रिएट मास्क' (नव्या फाइलला जास्तीत जास्त कोणत्या परवानग्या मिळतील ते) सांगितला नसेल तर तो ०७४४ असतो आणि 'डिरेक्टरी मास्क' ०७५५. म्हणजे जो फाइल करतो तोच बदलू शकतो, गटाला फक्त वाचन. दोन यंत्रं दोन वेगळ्या साम्बा नावांनी जोडलेली, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला बंद. मी ७७७ दिले तेव्हा त्या क्षणी असलेल्या सगळ्या फायली मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी नवी फाइल केली, ती पुन्हा ०७४४. दर वेळी दुखणं "काही दिवसांनी" का उलटायचं, याचं कोडं इथे सुटलं: जुन्या फायली चालायच्या, नव्या अडायच्या, आणि नव्या जितक्या वाढत तितकी तक्रार वाढे.

शेअरच्या व्याख्येत या ओळी घातल्या:

रीड ओन्ली = नो
व्हॅलिड यूजर्स = @डीटीपी
फोर्स ग्रुप = डीटीपी
क्रिएट मास्क = ०६६४
डिरेक्टरी मास्क = २७७५

यातली पहिली ओळ नसेल तर शेअर मुळातच फक्त वाचायचा असतो. साम्बाची स्वाभाविक भूमिका तीच आहे. जुन्या फायलींसाठी एकदाच गट बदलला, आणि 'चमोड -आर जी+आरडब्ल्यूएक्स' चालवलं. यातला पहिला आर आणि शेवटचा एक्स मोठे. मोठा एक्स फोल्डरांना चालण्याची परवानगी देतो, पण ज्या फायलींवर आधी कोणालाच चालवण्याची परवानगी नाही त्यांना ती उगाच देत नाही. मग 'टेस्टपार्म -एस' चालवून चूक नाही ना ते बघितलं आणि साम्बाची सेवा परत सुरू केली.

सर्व्हरच्या बाजूचे आणखी तीन सापळे, पटापट. साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डाहून वेगळा असतो. 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' करून तो स्वतंत्र भरावा लागतो, आणि लिनक्सचा बदलला म्हणून साम्बाचा आपोआप बदलेलच असं नाही. शेअरच्या फोल्डरपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरात त्या माणसाला शिरता आलं पाहिजे. शेअर एखाद्याच्या होम फोल्डरात असेल आणि ते ७०० असेल तर आतल्या ७७७ला कोण विचारतो? आणि डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये 'मॅप टू गेस्ट = बॅड यूजर' असतं. नावाचं स्पेलिंग चुकलं, म्हणजे तसं नावच सर्व्हरवर नसलं, तर साम्बा तुम्हाला हाकलण्याऐवजी पाहुणा म्हणून आत घेतो. शेअर पाहुण्यांना खुला असेल तर माउंट होतो, फायली दिसतात, लिहिताना मात्र नकार. तुम्ही परवानग्या तपासत बसता आणि चूक नावातल्या एका अक्षराची असते. सर्व्हरवर 'एसएमबीस्टेटस' चालवलं की कोण कोणत्या नावाने आत आलंय ते दिसतं. तिथे 'नोबडी' दिसला की समजावं.

माउंटच होत नसेल तर

त्रुटीचा आकडा वाचा आणि लगेच 'डीमेसेज'च्या (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड; त्यातला 'मेसेज' फक्त 'एमईएसजी' असा लिहायचा) शेवटच्या ओळी पाहा. खरं कारण तिथे लिहिलेलं असतं. 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन' असं लांबलचक आलं तर बहुधा सीआयएफएस-यूटिल्स हे पॅकेजच बसवलेलं नाही. २ म्हणजे शेअरचं नाव किंवा माउंट करायचं फोल्डर सापडत नाही. ११५ असेल तर सर्व्हरच्या ४४५ पोर्टापर्यंत पोचताच येत नाहीये, फायरवॉल बघा. २२ म्हणजे एखादा पर्याय मान्य नाही; जुन्या लेखांतून उतरवलेला 'सेक=एनटीएलएम' हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार, कारण ती जुनी ओळखपद्धत कर्नल ५.१५ मध्ये काढूनच टाकली.

११२ जरा सविस्तर, कारण त्याचा शब्दार्थ दिशाभूल करतो. 'होस्ट इज डाउन' म्हणतं, आणि होस्टला पिंग केलं तर तो ठणठणीत उत्तर देतो. बहुतेक वेळा भांडण बोलीचं असतं. कर्नल ४.१३ येईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०१७ पर्यंत, लिनक्स न सांगता एसएमबीची पहिली आवृत्ती बोलत असे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून; मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती न बसवलेली यंत्रं उदंड होती. त्यानंतर सगळ्यांनीच पहिली आवृत्ती गुंडाळायला घेतली. ४.१३.५ पासून लिनक्स २.१ किंवा त्याच्या वरची आवृत्तीच मागतो. साम्बाने २०१९ साली ४.११ मध्ये पहिली आवृत्ती मुळातूनच बंद ठेवली.

छापखान्यात एक जुना राउटर होता, त्याच्या पाठीला यूएसबी डिस्क लावून शेअर केलेली. मिंट नवं बसवलं आणि ती डिस्क ११२ देऊ लागली, कारण राउटरला पहिल्या आवृत्तीशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. 'व्हर्स=१.०' दिलं की चालतं. मी ते एकदाच दिलं, डिस्कवरचं सगळं उतरवून घेतलं आणि राउटरची ती सोय बंद केली. काकांना ते आवडलं नाही, पण ग्राहकांच्या जाहिरातींचे नमुने त्या पडक्या दारामागे ठेवायला मी तयार नव्हतो.

सकाळी यंत्र सुरू झालं आणि शेअर नाही

एफएसटॅबमधली माझी ओळ शेवटी अशी झाली:

//१९२.१६८.१.२०/अंक /एमएनटी/अंक सीआयएफएस क्रेडेन्शिअल्स=/ईटीसी/अंक.क्रेड,यूआयडी=१०००,जीआयडी=डीटीपी,फाइल_मोड=०६६०,डीआयआर_मोड=०७७०,आयओचारसेट=यूटीएफ८,नोफेल,_नेटडेव्ह,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट ० ०

नोफेल नसेल आणि माळ्यावरचं यंत्र बंद असेल तर लॉगिनचा पडदा यायला दीड मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो, आणि तेवढ्यात ताई दोनदा बटण दाबून यंत्र बंद-चालू करतात. ऑटोमाउंटमुळे यंत्र सुरू होताना कोणी शेअरच्या वाटेला जात नाही; फोल्डर पहिल्यांदा उघडलं की त्या क्षणी माउंट होतो. वायफाय उशिरा जुळणाऱ्या लॅपटॉपांना तर याच्यासारखं औषध नाही. शेअरच्या नावात मोकळी जागा असेल तर एफएसटॅबमध्ये तिच्याऐवजी \०४० लिहावं लागतं. फाइल बदलल्यावर 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' करा, आणि यंत्र परत सुरू करण्याआधी 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालवून ओळ तपासा. त्या कमांडमध्ये माउंट हा शब्द फक्त 'एमएनटी' असा लिहायचा.

ऑटोमाउंट नव्हता तेव्हाची गोष्ट. रात्रीचा बॅकअप एका स्क्रिप्टने /एमएनटी/बॅकअप वर जात असे. एका रात्री शेअर माउंट झालाच नाही. फोल्डर मात्र होतं, रिकामं, त्याच यंत्राच्या डिस्कवर. स्क्रिप्ट रूटची, तिला कोण अडवणार? ती इमानेइतबारे त्या फोल्डरात लिहीत राहिली, तीन रात्री, डिस्क काठोकाठ भरेपर्यंत. नंतर शेअर माउंट झाला तेव्हा तो त्या फोल्डरावर पांघरुणासारखा बसला आणि खालचा ढीग दिसेनासा झाला. डिस्क भरलेली, पण भरलंय कशाने ते जागा मोजणारी 'डीयू' कमांड सांगेना. अनमाउंट केल्यावर ढीग सापडला.

तेव्हापासून शेअर माउंट नसताना रिकाम्या फोल्डरावर 'सुडो चॅटर +आय' करून ठेवतो. मग त्यात रूटलाही लिहिता येत नाही, आणि शेअर वर बसला की नेहमीसारखं चालतं. शिवाय स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट -क्यू' ची तपासणी. हा एकच नकार असा, जो मी मुद्दाम पेरला आहे.

एनएफएस असेल तर गणित वेगळं

दोन्ही टोकांना लिनक्स असेल तर काही जण साम्बाऐवजी एनएफएस, ही फोल्डर वाटण्याची दुसरी पद्धत, वापरतात. तिथे वरचे यूआयडी, फाइल_मोड हे पर्याय लावू नका. ते मान्यच होत नाहीत. साध्या एनएफएसमध्ये पासवर्डही नसतो. तुमच्या यंत्रावरचा तुमचा क्रमांक जसाच्या तसा सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर त्या क्रमांकावरून निर्णय घेतो. ताई इथे १००० आणि सर्व्हरवर १००१ असतील, तर सर्व्हरच्या लेखी त्या दुसऱ्याच कोणी. दोन्हीकडे 'आयडी' चालवून क्रमांक जुळवा, किंवा सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये 'ऑल_स्क्वॉश' देऊन 'अनॉनयूआयडी' आणि 'अनॉनजीआयडी' ठरवून टाका, म्हणजे येणारा प्रत्येक जण एकाच नावावर जमा होतो. रूटने लिहिलं तर नकार आणि साध्या माणसाने लिहिलं तर चालतं, हे उलटं वाटलं तरी बरोबर आहे: 'रूट_स्क्वॉश' मुळे रूटला तिकडे नोबडी केलं जातं.

एक्सपोर्ट्स फाइलमध्ये यंत्राचा पत्ता आणि कंस यांच्यात चुकून मोकळी जागा पडली, तर ओळीचा अर्थच बदलतो. त्या यंत्राला साधे पर्याय लागू होतात, म्हणजे फक्त वाचन, आणि कंसातली लिहिण्याची मुभा उरलेल्या अख्ख्या जगाला मिळते. ज्याला द्यायचं तो अडतो आणि ज्याला द्यायचं नाही तो मोकळा. 'एक्सपोर्टएफएस -व्ही' चालवून सर्व्हरने प्रत्यक्षात काय समजून घेतलंय ते वाचा.

मराठी नावांच्या फायली

आता आपल्या घरचं. वरच्या ओळीत आयओचारसेट=यूटीएफ८ आहे. ते न देता कर्नलची मूळ वर्णसारणी दुसरीच असेल, तर 'मुखपृष्ठ' च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि ती फाइल उघडतही नाही. ते दिल्यावर उबुंटूच्या काही आटोपशीर कर्नलांवर, विशेषतः क्लाउडवरच्या, त्रुटी ७९ येते. संदेश शेअर्ड लायब्ररीबद्दल बोलतो, त्याकडे लक्ष देऊ नका. 'डीमेसेज' मध्ये यूटीएफ८ सापडत नसल्याचं लिहिलेलं असतं. चालू कर्नलच्या आवृत्तीचं लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज बसवलं की मिटतं.

'ऱ' चा घोळ त्याहून लबाड. हे अक्षर एका संकेतानेही लिहिता येतं आणि साध्या र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साम्बाच्या सर्व्हरवरच्या डिस्कला ही दोन वेगळी नावं वाटतात. त्यामुळे एकाच फोल्डरात 'दुसऱ्या फेरीची दुरुस्ती' नावाच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात, कोणत्या कीबोर्डने टंकलंय त्यावर. संध्याकाळच्या मुलाने एकीत दुरुस्त्या केल्या आणि ताईंनी दुसरी छपाईला पाठवली, असं एकदा झालं आहे.

आणि गेल्या खेपेचा फोन. परवानग्या ठीक, मास्क ठीक, माउंट ठीक. तरी चित्रकाराच्या विंडोज लॅपटॉपवरची एकच फाइल शेअरवर जाईना, बाकीच्या सगळ्या जात होत्या. मी ताईंना फाइलचं नाव वाचून दाखवायला सांगितलं.

"दिवाळी अंक मुखपृष्ठ दुसरे मुद्रितशोधन काकांनी सांगितलेल्या दुरुस्त्यांसह अंतिम छपाईसाठी पाठवायचे नक्की. मग टिंब पीडीएफ."

माळ्यावरच्या डिस्कवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) आहे. तिथे नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजची मर्यादाही २५५च, पण ती चिन्हांच्या हिशेबात मोजली जाते, म्हणून लॅपटॉपवर हे नाव आरामात बसलं होतं. चिन्हं १०६, बाइट २८८.

"म्हणजे या वेळी नकार डिस्कचा," मी म्हटलं. "ताई, नावातलं काहीतरी कमी करा."

"'नक्की' काढू का?"

तेवढ्याने भागणार नव्हतं. आम्ही 'काकांनी सांगितलेल्या' पण काढलं, आणि ते काकांना अजून सांगितलेलं नाही.